डायोडाच्या कपाळाचं कुंकू

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासरी गेलो, तो सासऱ्यांच्या रेडिओचे सुटे भाग पिशवीत घेऊन.

एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. शेवगावात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पाथर्डीकडच्या सासऱ्यांनी आपला बंद रेडिओ माझ्याकडे धाडला आणि लक्ष्मीपूजनाला जावईबापू तो वाजवणार, असं गावभर सांगून ठेवलं. बायको दसरा होताच माहेरी गेलेली. तिच्याविना घर खायला उठायचं (दुकानसुद्धा!). रेडिओ मुका राहिला, तर गावात तिचीच मान खाली जाणार होती.

नेमका रेडिओ तपासायचा माझा मीटर बिघडला. आतला डायोड गेला होता. डायोड म्हणजे वीज एकाच दिशेनं सोडणारा, गव्हाच्या दाण्याएवढा काचेचा नग. दिशा ओळखायची टोकाच्या पट्ट्यावरून. डबीत जुने डायोड होते. नंबर पुसलेले, पण प्रत्येकावर तांबडा पट्टा ठसठशीत. एक बसवला. काटा उलटा पळाला आणि शून्याच्या खाली जाऊन बसला! मी, शेवगावचा नामांकित मेकॅनिक, दोष रेडिओलाच दिला आणि तो शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलला.

सासरी ओसरीवर निम्मं गाव जमलेलं. मी सुटे भाग मांडले आणि सोबत आणलेला मीटर पुन्हा उघडला. बायकोनं उघड्या मीटरात डोकावून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"अहो, हे माझं कुंकू हाय. खंडेनवमीला तुमची हत्यारं पुजली न्हाई का?"

"अगं, पण डायोड?"

"बारकं हाय म्हनून काय ते हत्यार न्हाई व्हय? एका टोकाला फिकट पट्टा हुता, दुसरं कपाळ मोकळं दिसलं. तिथं लावलं."

मी पुसायला बोट नेलं. तिनं हात धरला.

"कुंकू पुसू नका. फिरवून बसवा."

फिरवून बसवला, काटा सरळ चालला. रेडिओत मुळात एक तार तेवढी सुटलेली निघाली. दिवेलागणीला तो वाजला.

आता ती नाही. फार आठवण येते. डबी आहे, त्यातलं एकही कुंकू मी पुसलेलं नाही. म्हणून एखादा जुना मीटर उघडला, की हा अनुभवी म्हातारा मेकॅनिक पहिल्या खेपेला डायोड अजून उलटाच बसवतो.