‘जाऊन ये’ म्हणणाऱ्या मॅडम

पासपोर्ट हातात आला की मॅडम फोटोचं पान कधी उघडत नसत. अंगठ्यानं पानं भराभर सारत त्या थेट व्हिशावर जात, तारीख वाचत आणि मग चष्म्यावरून समोरच्या पोराकडे बघत. “नियम माह्यं आयकत नाही बेटा,” त्या म्हणत, “तू तं माह्यं आयक.”

समोर सुदानचा, येमेनचा, नाहीतर बांगलादेशचा कुणीतरी उभा असे. त्याला यातलं अक्षर कळत नसे, तरी तो मान हलवी. मग त्या तेच हिंदीत सांगत, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर इंग्रजीत.

आमच्या विद्यापीठाचा विदेशी विद्यार्थी कक्ष म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि उन्हाळ्यात पाण्याचा वास सोडणारा कूलर. पहिल्या टेबलावर मॅडम, दुसऱ्यावर मी. व्हिशाची मुदतवाढ, पोलिसांकडची नोंदणी, हॉस्टेल, ताप, भांडणं, सगळं तिथेच यायचं. तुमच्याही ऑफिसात अशी एक बाई असेल, जिच्या आवाजाला सगळे घाबरतात आणि अडचण आली की तिच्याच टेबलाशी जाऊन उभे राहतात.

हिंगणा रोडवर एका सुदानी मुलाचा घरमालक त्याची भाडेकरू म्हणून नोंद करायला तयार नव्हता. ती नोंद नसेल तर पुढची मुदतवाढ अडते. मॅडमनी स्कूटर काढली, मला मागे बसवलं. घरमालक दारातच म्हणाला, “पोलिसांचं लफडं नको मॅडम, हा विदेशी माणूस.”

“भाडं घेतानी विदेशी नव्हता, अन् सही कराच्या वेळी विदेशी झाला का गा?”

आत त्याची बायको खुदकन हसली. सही झाली, चहाही झाला. परतताना मॅडम स्कूटरवरून ओरडून मला म्हणाल्या, “साखर केवढी टाकली होती! घाबरला होता बिचारा.”

झरमीना काबूलची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायला आली होती. हॉस्टेलात तिच्या खोलीत जवळच्याच खापा गावची एक मुलगी होती. तिच्याकडून ती वर्षभरात मराठी शिकली, आणि तीही खाप्याचीच. फी भरायची खिडकी बंद दिसली की आत येऊन ‘का’ऐवजी विचारायची, “काहून मॅडम?” अख्खा कक्ष हसायचा. मॅडम कपाळाला हात लावायच्या. “शिकली तं काय शिकली, काहून!” पण दुपारी डबा उघडला की तिला हाक गेलेलीच असे. ती समोर बसून जेवायची, मॅडम पोळीचा शेवटचा तुकडा तिच्या ताटलीत सरकवायच्या, आणि दोघींचं बोलणं बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर त्याला मावशी-भाची वाटल्या असत्या.

पहिल्या वर्षाची परीक्षा संपली आणि तिच्या आईच्या ऑपरेशनची बातमी आली. झरमीना कक्षात आली ती पासपोर्ट छातीशी धरून. तिकडच्या बातम्या तेव्हा वाईटच येत होत्या. जिल्हे एकामागून एक पडत होते, पण काबूल पडेल असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं. तिला वाटत होतं.

“मी नाही जात मॅडम,” ती म्हणाली. “गेली तं अटकून जाईन.”

मॅडमनी व्हिसा पाहिला. मुदत भरपूर होती, पुन्हा येण्याची मुभा होती. “काहून अटकशीन? समदं हाय याच्यात. जा, माय पाहून घे, महिन्याभरात ये.”

“मले भेव लागते.”

“माय आजारी असली की जाऊन याव वं. मी नव्हती गेली.”

मॅडमच्या आईबद्दल मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. झरमीनानं पासपोर्ट परत घेतला. मग म्हणाली, “तुम्ही म्हणता तं जातो.”

दिल्लीच्या गाडीत बसवायला मॅडम स्वतः स्टेशनवर गेल्या होत्या.

आईचं ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत काबूल पडलं. तिच्या देशाच्या, त्या वेळी भारताबाहेर असलेल्या लोकांचे जुने व्हिसे रद्द झाल्याचं आम्ही ऑफिसातच वाचलं. मॅडमनी ती सूचना वाचली, पुन्हा वाचली आणि मला म्हणाल्या, “पाह्य गा, मले नीट समजून नाही राहिलं.” त्यांना सगळं समजलं होतं.

मग अर्ज सुरू झाले. नवा व्हिसा, विद्यापीठाची शिफारस, कुलगुरूंची सही, दिल्लीला फोन. उत्तर येत नव्हतं. आलंच तर अर्ज पोचल्याचं येई. झरमीनाचे आवाजी निरोप मॅडम मोबाइल कानाशी धरून ऐकत. कधी मलाही ऐकवत. “घरातच बसून राहिली मी, मॅडम. बाहेर नाही जाता येत.” एकदा तिनं सांगितलं की झडती होणार म्हणून भावानं घरातली कागदपत्रं चुलीत घातली. तिची मार्कशीट, आपल्या विद्यापीठाचं ओळखपत्र, सगळं. “मी ना म्हटलं नाही,” ती म्हणाली. “भावाले मारलं असतं.”

कागदावर मॅडमचं काही चुकलं नव्हतं. आम्ही सगळे त्यांना तेच सांगत होतो. एकदा त्या माझ्यावर खेकसल्या, “तिनं नाही म्हटलं होतं. तुह्यासमोर म्हटलं होतं नं?”

त्यानंतर मॅडमनी सल्ला देणं सोडलं. नियम वाचून दाखवायच्या, स्पष्ट, शांत आवाजात, आणि थांबायच्या. पुढे सुदानमध्येही लढाई पेटली. त्या हिंगणा रोडवरच्या मुलाचे वडील बेपत्ता झाले. तो टेबलाशी येऊन रडत विचारू लागला, “मैं जाऊँ या रुकूँ, मॅडम?” मॅडमनी त्याला पाणी दिलं. मुदत कधी संपते ते सांगितलं. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. त्या म्हणाल्या, “वो मैं नहीं बोलूँगी, बेटा.”

एका दुपारी झरमीनाचा व्हिडिओ कॉल आला. ती बरीच वाळली होती. शेजारी तिची आई होती, ठणठणीत, गालांवर लाली असलेली. आई काहीतरी भरभरून बोलली, छातीवर हात ठेवून. झरमीना निर्विकार चेहऱ्यानं मराठीत सांगू लागली. “अम्मी म्हणते, तुम्ही मले पाठवलं. मी जवळ होती म्हणून ती वाचली. पोरगी परत केली तुम्ही तिले. ती रोज तुमच्यासाठी दुआ करते.”

आईनं हसत मान डोलावली.

मॅडमनी मोबाइल जवळ ओढला. त्या म्हणाल्या, “तू कशी हायस वं?”

झरमीनानं आईकडे पाहिलं. आई वाट बघत होती, मॅडम काय म्हणाल्या ते कळावं म्हणून. झरमीनानं तिला तिच्या भाषेत काहीतरी छोटंसं सांगितलं, आणि आई आणखी हसली. तो प्रश्न तिनं सांगितला नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळलं. मग चित्र अडकलं आणि कॉल तुटला. तो नंबर पुन्हा लागला नाही.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात मॅडमनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोप समारंभाला हो म्हणूनही त्या आल्याच नाहीत. आता पहिल्या टेबलावर एक तरुण अधिकारी आहेत, चांगले आहेत, मुलं त्यांना ‘सर’ म्हणतात. जुन्यांपैकी कुणी आलंच तर दारातून आधी त्या टेबलाकडे बघतं आणि मग माझ्याकडे.

मागच्या वर्षी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी भिवापूरला गेलो. मॅडम तिथे भावाकडे राहतात. अंगणात लाल मिरच्यांचा ढीग होता. त्या पाटावर बसून देठ खुडत होत्या, नाकाला पदर बांधून. मला ठसका लागला तर म्हणाल्या, “तिकडून बस, वारा इकडं हाय.” मुलीचं विचारलं, जावयाचं विचारलं, माझ्या गुडघ्यांचं विचारलं. ऑफिसचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

निघताना मी चपला घालत होतो. मागून आवाज आला.

“तिची माय बरी हाय का गा?”

“बरी आहे,” मी म्हणालो. काबूलचं मला काहीच माहीत नव्हतं.

त्यांनी मान हलवली आणि पुढची मिरची उचलली.