स्क्रीन झकास, आवाज बंद

"झालं," असं म्हणून मी लॅपटॉप काउंटरवर वनिताकडे फिरवला. "आता बघा स्क्रीन."

वनिता बघू शकत नव्हती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिची पांढरी काठी माझ्याच काउंटरला टेकलेली होती. तरी दोन दिवस खपून मी त्या लॅपटॉपची स्क्रीन नीट केली होती आणि आता तिलाच ती दाखवत होतो.

तिने दोन-तीन बटणं दाबली. कान लॅपटॉपजवळ नेला. 

"दादा, आवाज येऊन नाई राह्यला," ती म्हणाली.

कुडव्याला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. ही गोष्ट विंडोज टेन येऊन दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची. वनिता मूळची देवरीकडची, फुलचूरला मोठ्या भावाकडे राहायची. भाऊ प्रकाश टाइल्स बसवायचं काम करायचा. तोच तिला मोटरसायकलवर घेऊन आला होता. क्लार्कच्या जागेची लेखी परीक्षा ती पास झाली होती. आता नागपूरला टायपिंगची परीक्षा होती, दहा दिवसांनी. पत्रात लिहिलं होतं, की स्क्रीन रीडर लागत असेल तर उमेदवाराने स्वतःचा लॅपटॉप आणावा. स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवर लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर.

घोडं इथेच अडलं होतं. लॅपटॉप जुना, सेकंडहँड, विंडोज एक्सपीचा. त्यावरचा स्क्रीन रीडरही जुना, मराठी वाचताना अडखळायचा. नवा चांगला वाचतो, पण त्याला किमान विंडोज सेव्हन पाहिजे. आणि या मॉडेलसाठी कंपनीने सेव्हनचं काहीच काढलं नव्हतं. आमच्या धंद्यात याला अनसपोर्टेड म्हणतात. म्हणजे चाललं तर तुमचं नशीब, नाही चाललं तर कंपनीच्या नावाने बोंब मारायची सोय नाही.

"नवीनच का घेत नाही?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

प्रकाश काही बोलायच्या आत वनिताच म्हणाली, "या कीबोर्डवर माह्ये बोटं बसले हायेत. नव्यावर दहा दिवसात नाई बसत. अन् पुढच्या वेळी माह्यं वय नाई बसत."

मी लॅपटॉप ठेवून घेतला.

खरं सांगायचं तर मला खुमखुमीही होती. अशी कामं रोज येत नाहीत. रोज तेच, प्रिंटर चालत नाही, व्हायरस आला, पासवर्ड विसरलो. इथे जे होणार नाही म्हणतात ते करून बघायचं होतं. रॅम वाढवली, सेव्हन टाकलं. ते मुकाट चढलं. पण स्क्रीनवरचे आयकॉन भाकरीएवढे दिसायला लागले आणि सगळं आडवं ताणलेलं.

याचं कारण ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे मधला दुभाषा. देवरीच्या बाजारात व्यापाऱ्याला गोंडी येत नसेल आणि समोरच्या म्हातारीला मराठी येत नसेल, तर मध्ये दोन्ही जाणणारा एक माणूस लागतो. तसा विंडोज आणि मशीनचा प्रत्येक पार्ट यांच्यामध्ये एकेक ड्रायव्हर लागतो. या लॅपटॉपचे दुभाषे फक्त एक्सपीची भाषा जाणत होते.

दोन दिवस मी डिस्प्लेच्या ड्रायव्हरमागे लागलो. शेवटी दुसऱ्याच मॉडेलचा ड्रायव्हर जबरदस्तीने बसवला. स्क्रीन लख्ख उघडली. मग हौसेने सेव्हनची ती काचेसारखी थीमही चालू केली. खिडकी उघडली की अलगद फुगत येते, बंद केली की विरत जाते. पाहून मला स्वतःचंच कौतुक वाटलं. वनिताला फोन करून बोलावून घेतलं ते याच खुशीत.

आणि आवाज मी तपासलाच नव्हता.

लाज वाटली. वीस वर्षं या कामात घालवलेला माणूस, आंधळ्या गिऱ्हाईकाचं मशीन घेतो आणि आधी स्क्रीन दुरुस्त करतो. कारण मशीन समोर आलं की मी स्वतः पहिल्यांदा स्क्रीनकडे बघतो. दुसरं काही कारण नाही.

"थांबता का थोडं?" मी विचारलं.

"थांबतो ना आम्ही," प्रकाश म्हणाला. "आज काम नाई लावलं मी."

विंडोजच्या पार्ट्सच्या यादीत आवाजाच्या नावापुढे पिवळी खूण होती. म्हणजे पार्ट आहे, दुभाषा नाही. प्रत्येक पार्टला कारखान्यात एक नंबर दिलेला असतो. लॅपटॉपच्या कंपनीचं नाव सोडून दिलं आणि तो नंबर घेऊन शोधायला बसलो. पहिले दोन ड्रायव्हर बसलेच नाहीत. तिसरा बसला आणि मशीनच बंद पडलं. तासाभराने कळलं, की हाच पार्ट दुसऱ्या एका कंपनीच्या लॅपटॉपमध्येही होता आणि तो विंडोज व्हिस्टावर विकला गेला होता. व्हिस्टा म्हणजे एक्सपी आणि सेव्हनच्या मधलं. व्हिस्टाचा दुभाषा बऱ्याचदा सेव्हनलाही चालून जातो.

चालला. स्पीकरमधून विंडोजची सुरुवातीची धून आली. प्रकाशने खुर्चीवर हात मारला. वनिता नुसती हसली आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.

मग जे पाहिलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. माउसला तिने हातच लावला नाही. बोटं कीबोर्डवर आणि लॅपटॉप इतक्या वेगाने बोलायला लागला की मला एक शब्द कळेना.

"हे कळते तुम्हाला?"

"याच्यापेक्षा हळू लावला तर झोप येते," ती म्हणाली. मग तिने एक खिडकी परत उघडली, बंद केली. "अटकून राह्यलं, दादा."

मला तर काही अटकलेलं ऐकू आलं नाही. तसं सांगितलंही.

"अटकते. नवीन खिडकी उघडली का अटकते. बंद केली का अटकते. मधात टाइप करताना नाई अटकत."

असा रिपोर्ट मला आजवर एकाही डोळस गिऱ्हाईकाने दिलेला नाही. ते सांगतात, 'भैया, हँग मार रहा है.' कधी, कुठे, काय करताना, ते आपण शोधायचं. इथे माशी कुठे शिंकली ते तिने बोट ठेवून सांगितलं होतं.

खिडकी उघडताना आणि बंद करताना या मशीनवर काय होतं? माझी ती फुगणारी आणि विरणारी काच. या जुन्या लॅपटॉपमध्ये स्क्रीनला स्वतःची मेमरी नव्हती, ती मुख्य मेमरीतूनच खायची. प्रत्येक खिडकीला मशीनचा जीव स्क्रीनच्या नखऱ्यात जात होता आणि आवाज मागे राहत होता.

मी तिला हे सगळं सांगितलं. लपवलं नाही.

"मंग काढून टाका ना ते," ती म्हणाली. "मले कायले पायजे?"

थीम काढली. खिडक्यांचं फुगणं, विरणं, सावल्या, होतं नव्हतं ते सगळं बंद केलं. स्क्रीन जुन्या सरकारी ऑफिसातल्या कॉम्प्युटरसारखी रुक्ष दिसायला लागली. वनिताने वीसेक खिडक्या भराभर उघडल्या, बंद केल्या.

"आता बरोबर हाये," ती म्हणाली.

पुढचे दिवस ती घरी सराव करत होती. परीक्षेच्या दिवशी दुकानात माझं लक्ष लागत नव्हतं. मशीन माझ्या भरवशावर गेलं होतं आणि तो ड्रायव्हर परक्या कंपनीचा. मध्येच आवाज गेला असता तर नागपूरला कोणाला दोष देणार? दुपारी प्रकाशचा फोन आला. "पेपर झाला. एकदाही नाई अटकला." मी उठून बाहेर जाऊन चहा प्यायलो.

निकाल लागला. वनिता पास झाली आणि काही महिन्यांनी तिला ऑर्डरही मिळाली.

तेव्हापासून मशीन उघडायच्या आधी मी गिऱ्हाईकाला विचारतो, याच्यावर तुम्ही काय काम करता. बरेच जण वैतागतात. तुम्हाला काय करायचं, नीट करून द्या, म्हणतात. मी तरी विचारतो.

नोकरीवर रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात वनिताचा ऑफिसातून फोन आला.

"दादा, मले इथं नवा कॉम्प्युटर देऊन राह्यले. लय मोठी स्क्रीन हाये म्हणते. पण स्पीकरच नाई लावला. लावणारा म्हणते, साहेबाच्याहून मोठी स्क्रीन देल्ली तुमाले."

"त्याला द्या फोन," मी म्हणालो. दोन सणसणीत शिव्या जिभेवर तयार होत्या.

"हां सर, बोलिए," पलीकडून आवाज आला. "डिस्प्ले में कुछ प्रॉब्लेम है क्या?"

शिव्या गिळल्या.

"डिस्प्ले चांगलाच असेल," मी म्हणालो. "मॅडमला काम करायला काय लागतं, ते विचारलं का?"

तो म्हणाला, "नहीं पूछा, सर."

"मी पण नव्हतं विचारलं," मी म्हणालो.