पाठ फिरवून काढलेला फोटो

दुर्गेश्वरी सलामे कशालाच भीत नाही, असं नवेगावबांधच्या कॉलेजात तिच्या वर्गातल्या पोरी म्हणत आणि तिलाही ते खरंच वाटायचं. अस्वलांच्या वाटेने ती एकटी मोहफुलं वेचायला जायची. मग पौषातल्या एका दुपारी रोशनचा फोन आला आणि भीती म्हणजे काय ते तिला कळलं. ती आजही पुरती गेलेली नाही.

रोशन तिच्या मोठेबाबांचा, म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा. कोहमाऱ्याला एका ढाब्यावर कामाला आहे.

"दुर्गे, दोघं जीपवाले आले हायेत. मोबाईलवर फोटो दाखवून रस्ता पुसून राहिले. ऐनाचं झाड, खाली बाबा. अन् कोपऱ्यात तुहा कान. झुमका ओळखला मी."

फोटो तिचाच होता. गोंदियाच्या रश्मीने कॉलेजातल्या पोरापोरींचा एक गट जमवला होता. आपल्या भागातली झाडं, गाणी, सण, देवस्थानं यांची माहिती आणि फोटो ही मंडळी इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात चढवत. कुणीही वाचावं, कुणीही बदलावं, कुणीही उतरवून घ्यावं. जंगलातल्या आपल्या गावाचं नाव तिथे पहिल्यांदा उमटलं तेव्हा दुर्गेश्वरी दिवसभर हवेत होती. गटाचा एक शिरस्ता होता, फोटोसोबत नकाशावर जागेचा ठिपका द्यायचा. तिने एकही फोटो ठिपक्याशिवाय चढवला नव्हता.

आता चूक कुठे झाली ते ऐका. सलाम्यांचा पेन, म्हणजे कुळाचा देव, वर्षभर जंगलात एका झाडाच्या ढोलीत असतो. कुठल्या झाडात, ते फक्त राखणाऱ्याला ठाऊक. त्याने ते पुढच्या राखणाऱ्याला सांगायचं, बस. माघात पेन खाली आणतात तेव्हा अख्खं गाव जंगलाकडे पाठ करून उभं राहतं. वर्षभरात गेलेली माणसं त्या दिवशी पेनात मिळून जातात, असं हे लोक मानतात. जत्रा झाली नाही तर ती बिचारी बाहेरच राहतात.

गेल्या माघात दुर्गेश्वरीनेही पाठ केली होती. नियम म्हणजे नियम. फक्त हातातल्या मोबाईलचा सेल्फीचा कॅमेरा चालू होता आणि तो तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. डोळ्यांनी तर आपण पाहिलं नाही, मग कसला दोष? एवढी अक्कल पाजळून तिने फोटो चढवला. अंधुकच होता, पण ऐनाच्या ढोलीत कोपरापर्यंत गेलेला, पेन राखणाऱ्या उदेभान मोठेबाबांचा हात ओळखू येत होता. खाली नकाशाचा ठिपका होताच.

तिने लगेच रश्मीला फोन लावला आणि फोटो काढायला सांगितलं.

"निकाल देते हैं ना," रश्मी म्हणाली. "पण दुर्गा, ज्यांनी उतरवून घेतला त्यांच्याकडचा आपण कसा काढणार?"

पेनात पितळ आहे, चांदीही आहे, आणि जुन्या पितळी देवांना शहरात काय भाव येतो ते मोबाईल वापरणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. पण चोरांपेक्षाही तिला मोठेबाबांची धास्ती होती. त्यांनी तिला खांद्यावर बसवून बांधावर मासोळी दाखवायला नेलं होतं. त्यांच्यापुढे उभं राहून हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

तरी सांगितलं. म्हाताऱ्याने फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. रागावले नाहीत, आणि त्यानेच तिचा जीव अर्धा झाला.

"रडून कायले राहिलीस वं? कुऱ्हाड दे मले."

कुऱ्हाड आणि पांढरं धडुतं घेऊन ते एकटेच जंगलात गेले. दिवस कलताना परतले.

"जागा बदलवली," एवढंच बोलले. "माघात रोशनले सांगीन."

जीपवाले पुन्हा दिसले नाहीत. ते चोर होते की नुसते हौशी, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. दुर्गेश्वरीने जरा कुठे श्वास सोडला होता, तोच चौथ्या दिवशी मोठेबाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा गाव जमलं. काळजी सगळ्यांना एकच होती, माघ तोंडावर आला, पेन कोण आणणार? जागा बदलल्याचं गावाला माहीत नव्हतं. ते फक्त तिला, रोशनला आणि मोठेबाबांच्या बायकोला, दुर्पता मोठीमायला माहीत होतं. जो तो म्हणत होता, म्हातारा बरा होईल, सांगेल. दुर्गेश्वरी दाराआड उभी राहून ऐकायची. म्हातारा असाच गेला तर पेन कायमचा हरवणार. आणि पेनच नसला तर मोठेबाबा मिळणार कशात? जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांना आत पोचवलं तेच बाहेर राहणार, आणि तेही तिच्यामुळे.

मोठीमाय तिला एक शब्द लागेल असं बोलली नाही. फक्त एकदा पेज भरवता भरवता म्हणाली, "तुह्या मोबाईलात सारं जंगल हाये म्हणतेस ना? मंग दाखव ना त्याइले."

हे तिला इतके दिवस सुचलं नव्हतं. ज्ञानकोशासाठी तिने दोन वर्षं जंगल पालथं घातलं होतं. ऐन, मोह, बिजा, तेंदू, नाल्याची वळणं, टेकड्यांचे उतार. खाटेशी बसून ती एकेक फोटो म्हाताऱ्यापुढे धरू लागली. ते बघत, डोळे मिटत, म्हणजे नाही. मग ती पुढचा लावायची. जागा सापडली नाही तर काय, ही भीती होतीच. सापडली तर ती आपल्याच फोटोत असणार, ही त्याहून मोठी.

नाल्यावरच्या कुसुमाच्या झाडाचा फोटो आला आणि मोठेबाबांच्या डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं. एवढा जोर त्या हातात उरला असेल असं वाटलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती मात्र फोटोकडे बघत होती. तो फोटो ज्ञानकोशात होता. ठिपक्यासकट.

तिच्या एका फोटोतून काढलेला देव म्हाताऱ्याने, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, तिच्याच दुसऱ्या फोटोत नेऊन ठेवला होता.

काढून टाकावा? काढायचा तर सगळ्यांसमोर कारण लिहावं लागतं, आणि एकाच पोरीने एकाच जंगलातला दुसरा फोटो काढायला सांगितला की बघणारे आधी तिकडेच बघणार. तिने तो तसाच राहू दिला.

मोबाईल मोठीमायजवळ ठेवून ती रोशनला घेऊन पायी गेली. कुसुमापासून लांबच थांबली, बोटाने दाखवलं आणि पाठ फिरवली. दोन्ही हात रिकामे आहेत हे रोशनला दिसावं म्हणून ते तिने पाठीमागे धरले. मागे पाचोळा वाजला, मग वाजायचा थांबला. तिने डोळेही गच्च मिटून घेतले. मग रोशनच्या रडण्याचा आवाज आला आणि तिला कळलं, आहे.

माघात जत्रा झाली. पेन पुन्हा त्याच कुसुमात गेला की दुसरीकडे, ते आता रोशन जाणे. तिने विचारलं नाही, विचारणारही नाही. मोठेबाबा चैत्रात गेले. पुढच्या माघात पेनात मिळतील. तोवर पेन जागेवर राहायला हवा.

फोटो अजून तिथेच आहे, कुणालाही बघता येतो. रोज सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरण्याआधी, ती तो उघडते आणि त्याखाली दोन वर्षांपूर्वी स्वतःच लिहिलेली ओळ कुणी बदलली तर नाही ना, ते बघते: 'कुसुमाचं झाड. या भागात सगळीकडे आढळतं.'