आईला चावणारा शॉवर

बायकोला सातवा महिना लागला तेव्हा मी तिसगावहून आईला संगमनेरला आणलं. बायकोला आई नव्हती आणि मला चहापलीकडे काही येत नव्हतं. बाळंतपणाची सगळी भिस्त आईवर. तिची सोय म्हणून मी न्हाणीघरात स्वतःच्या हातांनी शॉवर बसवला. गच्चीवर पिंप, पिंपातून खाली लोखंडी पाइप, टोकाला चावी आणि झारीचं तोंड.

दोन-चार दिवसांतच आई हात झटकत बाहेर आली. "आरं, तुझ्या फवाऱ्याच्या चावीला मुंग्या हायत."

"लाल का काळ्या?"

"दिसत न्हाईत. पार कोपरापातुर चढत्यात."

मी चावी धरून अंघोळ करून आलो. काही नाही. पहाटे अंघोळ उरकणाऱ्या बायकोलाही कधी काही जाणवलं नव्हतं. मग मी निदान केलं: वय. चोळायला तेल आणलं, वर शिरा आखडण्यावर व्याख्यान दिलं. तेल संपलं, मुंग्या हटेनात. शेवटी एका सकाळी मी रेडिओवर बातम्या ऐकत बसलो असताना आईनं गाठोडं बांधलं.

"चालले मी. हितं पानी चावतंय, आन् लेक म्हनतोय म्हातारी बिघडली."

बायकोचा चेहरा उतरला. डोळ्यांना पाणी लावायला म्हणून ती न्हाणीघरात गेली आणि किंचाळतच बाहेर आली. आधी चावीकडे, मग माझ्या रेडिओकडे बघत म्हणाली, "अहो, तुम्ही अंघोळीला जाताना हा बंद करता ना?"

"करतो. ऐकू येत नाही, मग वीज कशाला जाळायची?"

"मी जाते तेव्हा तो लागलेलाच नसतो. आईंच्या वेळेला मात्र तुमच्या बातम्या चालू असतात."

मी रेडिओच्या मागे बघितलं. खरखर जावी म्हणून रेडिओची अर्थिंगची तार मीच त्या पाइपाला गुंडाळली होती. पाइप म्हणजे जमिनीत जाणारच, हा माझा हिशेब. माझा पाइप तर गच्चीवर जात होता! रेडिओतून झिरपणारी वीज जमिनीत उतरायला वाट शोधत होती आणि ती वाट होती आई.

"खात्री करू या," बायको म्हणाली.

"त्यालाच हुबा कर," आई म्हणाली.

मी पंचा नेसून चावी धरली. बायकोनं रेडिओ लावला, कोपरापर्यंत मुंग्या. बंद केला, गेल्या. निदान झालं. पण आई बटणापाशी सरकली. "सूनबाई, मला बी बघू दे गं." मग ती बटण फिरवत राहिली, मी आतून बोंबलत राहिलो आणि बायको पोट धरून हसत राहिली.

तार काढली. गाठोडं सुटलं, पण अटीवर. "रोज आदी तू न्हायचं, रेडिओ लावून. मुंग्या न्हाईत म्हनून आतून वरडायचं. मंगच मी."

मुलगी होईपर्यंत मी रोज सकाळी खरखरत्या बातम्यांच्या वर आवाज काढून ओरडत होतो, "मुंग्या नाहीत!" शेजारणीनं न राहवून एकदा डीडीटीची पुडी पाठवून दिली.