याकोब मिस्तरीचं डावं चाक

तिसगावात मोटारीचा आवाज ओळखणारा माणूस एकच, आणि तिसगाव सोडायची घाई झालेला माणूसही तोच. या दोन गोष्टी दोन वेगळ्या माणसांकडे असत्या, तर दोघंही सुखी झाले असते.

याकोब मिस्तरी नगरला मिशनच्या कामशाळेत फिटरकाम शिकला आणि सूर्यभानअण्णांनी पिकप घेतली तेव्हा तिच्याबरोबरच गावात आला. गाडी अमेरिकन बनावटीची. पुढं तिघांची केबिन, मागं उघडा हौदा. हौद्यात कांदा, शेंगा, घोडेगावच्या बाजाराला निघालेली बोकडं, आणि उरलेल्या जागेत माणसं. गाडी कण्हायला लागली की याकोब हौद्यात पालथा पडायचा. बाभळीच्या काठीचं एक टोक फळीवर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं, दोन्ही कानांत बोटं घालायची आणि छगनला म्हणायचं, चालव. मोटारीचं दुखणं कानाला उशिरा कळतं, दाताला आधी, असं तो सांगे. मिस्तरी गाडी चावून बघतोय म्हणून पोरं हसत. पण उठल्यावर तो जे सांगे, ते खरं निघे. एकदा चढावर कण्हणाऱ्या गाडीला त्यानं आतल्या दातेरी चाकाचा तिसरा दात उडाल्याचं सांगितलं. उघडून पाहिलं तर दुसरा उडाला होता. याची त्याला आठवडाभर लाज वाटली.

छगन म्हणजे गाडीचा ड्रायव्हर. सपाटीवर हा माणूस मिशा पिळत एका हातानं गाडी हाकी. करंजीचा घाट उतरताना मात्र दोन्ही हातांनी चाक धरून प्रत्येक वळणाला घरच्या देवांची नावं घेई. त्याला कारण होतं. बेचाळीसच्या साली घाट उतरताना ब्रेक गेले. याकोब हौद्यातून उडी टाकून धावला आणि चाकाखाली दगड सारले. मग पट्ट्याचं चामडं आणि तार यांवर त्यानं गाडी घरी आणली. तेव्हापासून मागं मिस्तरी असल्याशिवाय छगन घाट उतरत नसे. याकोबला नगरला काम असो वा नसो, तो हौद्यात असायचाच.

चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात नगरच्या लष्करी वर्कशॉपातून त्याला इंग्रजीत पत्र आलं. मी मॅट्रिक झाल्यापासून गावातली इंग्रजी पत्रं आणि औषधाच्या बाटल्या माझ्याकडे वाचायला येतात, तसं तेही आलं. फिटरची जागा होती. येत्या सोमवारी सकाळी आठला हत्यारांसह हजर व्हायचं. उशीर झाल्यास जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. मी शेवटची ओळ दोनदा वाचली, कारण याकोबची बायको लिडिया दारात उभी राहून ऐकत होती.

तिला ही जागा नवऱ्यापेक्षा जास्त हवी होती. सूर्यभानअण्णांनी त्यांना गाडी ठेवायच्या छपराला लागून एक खोली दिली होती. मधली भिंत पत्र्याची. भाकरीला पेट्रोलचा वास यायचा, आणि पलीकडे गाडी सुरू झाली की तव्यावरची भाकरी आपोआप सरकायची. नगरला गेलो तर आपली पोरगी, रेबेका, शाळेत जाईल, हे तिचं रोजचं वाक्य. पत्र वाचून झालं त्याच संध्याकाळी तिनं सगळी भांडी ट्रंकेत भरली आणि एक पातेलं बाहेर ठेवलं. पुढचे चार दिवस चहा, भात, कालवण सगळं त्या एका पातेल्यात.

प्रश्न अण्णांचा होता. वाईट मालकाला सोडून जाणं सोपं असतं. अण्णा वाईट नव्हते, हीच पंचाईत. रेबेकाला विषमज्वर झाला तेव्हा त्यांनी बाजारचा दिवस बुडवून गाडी नगरला पाठवली होती. याकोबनं मान खाली घालून पत्राचं सांगितलं, तर ते म्हणाले, खुशाल जा, सोमवारी छगन गाडीनंच सोडील. फक्त जाताना गाडी ठणठणीत करून जा.

गाडी ठणठणीतच होती. शुक्रवारी सकाळी ती छपरातून निघाली आणि मागच्या धुऱ्याकडून आवाज आला. टक्. चार पावलं गेली, पुन्हा टक्.

याकोब हौद्यात पालथा पडला. आवाज डाव्या चाकाकडून येतोय एवढं दातांनी सांगितलं. पुढं दात गप्प. पेट्रोल रेशनवर होतं, त्यामुळं गाडी तपासायची म्हणजे छपरापासून ओढ्यापर्यंत न्यायची आणि परत आणायची, तीही गल्लीतल्या कोंबड्या सांभाळत.

इथं एक रीत सांगायला हवी. चाक हे ड्रायव्हरचं काम. जॅक लावणं, चाकाच्या मधली पत्र्याची टोपी काढणं, नट सोडणं, सगळं छगनचं. चाक निघालं की आतल्या सगळ्यावर राज्य मिस्तरीचं. एकमेकांच्या हद्दीत कुणी हात घालायचा नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण बांधाच्या दगडाइतकं पक्कं होतं.

तर छगननं चाक काढून दिलं. याकोबनं बेअरिंग धुऊन डोळ्यांसमोर धरून फिरवलं. निर्दोष. चाक बसवलं, ओढ्यापर्यंत गेले. टक्.

शनिवारी त्यानं धुऱ्याच्या मधला लोखंडी गोळा उघडला आणि आतल्या चाकांचा दात न् दात बोटानं मोजला. जॅकवर धुरा उचलून, चाक उघडं ठेवून इंजिनावर फिरवलं, तर आवाज नाही. छगननं टोपी बसवून गाडी खाली घेतली आणि चालवली, की टक्. वजन आलं की बोलतंय, म्हणजे दुखणं आत आहे, असा याकोबनं निष्कर्ष काढला आणि ते आत शोधत राहिला.

रविवारी प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा तो गाडीखाली उताणा होता. लिडिया रेबेकाला घेऊन एकटी गेली. परत आली तेव्हा गाडीचं वजन पेलणाऱ्या कमानींचे पोलादी पाटे अंगणात ओळीनं मांडलेले, आणि त्यांच्यामधे नवरा बसलेला. तिनं पातेलं जरा जोरात ठेवलं.

दुपारी अण्णा येऊन दगडावर बसले. एवढी काय घाई आहे, आठवड्यानं येतो म्हणून कळव की, असं अगदी मायेनं म्हणाले, आणि पत्र मी लिहून द्यावं असंही सुचवलं. पत्र पोचायलाच तीन दिवस लागतील हे मी सांगितलं. अण्णा गेल्यावर याकोब हळूच मला म्हणाला, "भाऊ, मला ऐकू यायचं बंद झालं असंल, तर तिथं जाऊन तरी काय दाखवू?" तीन दिवसांत तो पहिल्यांदाच घाबरलेला दिसला. गाडीला काय झालंय यापेक्षा आपल्याला काय झालंय, याकडे तो वळला होता.

सोमवारी पहाटे तो उठला आणि म्हणाला, आवाजासकट जायचं. लिडिया मागून येणार होती. ट्रंक हौद्यात चढली, तिच्याशेजारी हत्यारांची पेटी, आणि पेटीशेजारी काठी दातांत धरून मिस्तरी. साहेबाशी बोलायला इंग्रजी हवं म्हणून मी केबिनमधे.

छगननं त्या दिवशी गाडी अशी चालवली की एक बैलगाडी आम्हाला मागं टाकून गेली आणि गाडीवानानं वळून बघितलं. मी घड्याळाकडं बोट केलं. मागं आवाज हाय, पळवली आन् धुरा तुटला तर जबाबदार कोन, असं म्हणून त्यानं गिअर आणखी खाली घेतला. करंजीचा घाट आम्ही टक्, टक् करत चढलो. माथ्यावर आलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते.

तिथून पुढं सडक सरळ. मागून पत्र्यावर थाप पडली आणि याकोबचा आवाज आला, "छगन, पळव."

"धुरा तुटंल, मिस्तरी."

"तुटू दे. पळव."

छगननं पळवली. गाडी वेगात आली आणि टक् बंद. पुन्हा थाप पडली, हळू कर. हळू केली, टक् आलं. पळव म्हणाला, गेलं. वेगात असताना गप्प बसणारं दुखणं धुऱ्याचं नसतं, हे मला मॅट्रिकच्या पुस्तकातून कळलं नसतं. त्या दिवशी आपोआप कळलं. तिसऱ्यांदा थाप पडली, ती थांबवण्यासाठी.

याकोब उतरला. धुऱ्याकडं त्यानं पाहिलंही नाही. डाव्या चाकापुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, "टोपी काढ."

छगन केबिनमधून उतरला नाही. "ते माजं काम हाय, मिस्तरी."

"म्हणूनच तुला सांगतोय."

छगन समोरच्या काचेतून सडकेकडं बघत राहिला. मग आयुष्यात पहिल्यांदा याकोबनं ड्रायव्हरच्या हद्दीत हात घातला. पेचकस टोपीच्या कडेला लावला, टोपी निघाली, आणि आतून एक मोठा नट धुळीत पडला. घासून घासून चांदीसारखा झालेला. गाडी सावकाश चालली की तो टोपीत गडगडायचा. वेगात आली की कडेला चिकटून बसायचा. नट याकोबच्याच पेटीतला होता.

"अण्णांनी सांगितलं?"

"अण्णाला ठावं बी न्हाई." छगनचा आवाज एकदम बारीक झाला. "मिस्तरी, तुमी गेल्यावर घाट उतरताना मागं कोन हाय माज्या? चार पोरं हायती मला."

"मला एक आहे," याकोब म्हणाला, आणि नट खिशात टाकून हौद्यात चढला.

मग छगननं गाडी अशी हाकली की माझी डोक्यावरची टोपी उडाली आणि ती उचलायला कुणी थांबलं नाही. वर्कशॉपच्या फाटकावर पोचलो तेव्हा सव्वाआठ. मी होतं नव्हतं ते सगळं इंग्रजी खर्च केलं. कारकुनानं यादी फिरवून दाखवली. याकोबच्या नावावर पट्टीनं सरळ रेघ मारलेली, शाई अजून ओली. पुढचा माणूस आत गेला होता. पुन्हा अर्ज करा, तो म्हणाला. ते अर्ज मी नंतर तीन लिहिले. उत्तर आलं नाही, आणि मग लढाईच संपली.

परतताना घाटाच्या माथ्यावर छगननं गाडी थांबवली. केबिनमधे जागा होती. याकोब आतापर्यंत आमच्याजवळ पुढंच बसला होता. तो उतरला, हौद्यात चढला, आणि त्यानं पत्र्यावर थाप मारली. छगननं घाट उतरायला घेतला. त्या दिवशी त्यानं एकाही देवाचं नाव घेतलं नाही.

लिडियानं भांडी एकदम बाहेर काढली नाहीत. पाहुणा आला की एक काढायची. अजून दोन ताटं ट्रंकेतच आहेत. अण्णांना नटाचं कुणी सांगितलं नाही.

याकोबनं मात्र दुसऱ्याच आठवड्यात छगनला बसवून सांगितलं, आजपासून तू माझं काम शिकायचंस. तुला सगळं आलं की मी सुटलो. आता एकोणपन्नास साल चाललंय. याकोब शिकवतो मन लावून. छगनसारखा मठ्ठ विद्यार्थी आमच्या शाळेतही नव्हता. बेअरिंग उलटं बसवतो, ग्रीस नको तिथं भरतो, एकदा शिकलेलं दुसऱ्या दिवशी विसरतो.

परवा ओढ्याजवळ गाडी उभी होती. कण्हत होती. याकोबनं काठी छगनच्या हातात दिली. छगन हौद्यात पालथा पडला, कानांत बोटं घातली, आणि गाडी याकोबनं हळूहळू पुढं नेली. छगन खाली उतरला आणि म्हणाला, "काय उमगंना, मिस्तरी." म्हणता म्हणता त्याचा हात मात्र उजव्या कमानीच्या दुसऱ्या पाट्याकडं गेला होता, जिथं तडा होता आणि जिथून ते कण्हणं येत होतं. हात तिथं टेकला, आणि चटका बसल्यासारखा मागं आला.

याकोबनं ते पाहिलं. मी पाहिलं हेही त्यानं पाहिलं. थोडा वेळ तो काठीवरच्या दातांच्या खुणा अंगठ्यानं चाचपत उभा राहिला.

"उमगंल," तो म्हणाला. "पुन्हा झोप."