गॅरेजमधलं सेंट लुशिया

परदेशात, शॉमबर्गच्या आमच्या घरी दिवाळीचा किल्ला कधी झाला नव्हता. त्यामुळे पाचवीतल्या लेकीला शाळेसाठी सेंट लुशिया या बेटाचं मॉडेल करायचंय हे कळताच माती आणायला मीच पळालो. आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या नकाशावर असले देश माशी बसून गेल्यासारखे दिसायचे. त्या ठिपक्यांवरही बोट ठेवायला लावणाऱ्या बाई लाभल्या, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो.

लेकीची अट एकच होती, "बाबा, नो किल्ला." मी समुद्रालगतचे दोन उंच सुळके नीट उभे केले, राजधानीमागे टेकडी केली. मग मात्र राहवलं नाही. टेकडीवर बुरूज चढवला आणि बेटभर मोहरी पेरली. बुरूज खपून गेला, कारण फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी तिथे खरंच किल्ला बांधला होता. मोहरी मात्र गॅरेजच्या एकुलत्या खिडकीकडे, म्हणजे बेटाच्या पश्चिमेला, सगळी झुकली. बेटाने तेल लावून भांग पाडल्यासारखं दिसत होतं.

लेक चारचौघांत बोलायला घाबरते. तिने वर्गापुढे बोलावं, एवढंच मला हवं होतं. मॉडेल दाखवायच्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं. ती उभी राहिली आणि गप्पच. एका मुलाने विचारलं, झाडं सगळी वाकडी का? मला तोंड लपवावंसं वाटलं.

तिने बेटाकडे पाहिलं. "इट्स द विंड," ती म्हणाली.

मग ती थांबेचना. इथे वारा पूर्वेकडून वाहतो, त्याच वाऱ्यावर युरोपची जहाजं आली. आफ्रिकेतून माणसं पकडून आणली, गुलाम करून त्यांच्याकडून ऊस पिकवला. हे सांगताना तिचा आवाज खाली गेला, पण तुटला नाही. बेट कधी फ्रेंचांचं, कधी इंग्रजांचं, असं चौदा वेळा फिरलं म्हणे. तिने प्रत्येक वेळी एकेका मुलाला बुरुजात खोचलेला टूथपिकचा झेंडा बदलायला लावला. रांग लागली, ढकलाढकली झाली, टीचरही हसत रांगेत घुसल्या.

शेवटी स्वातंत्र्याचा झेंडा आला, तोवर भोक इतकं मोठं झालं होतं की तो उभाच राहीना.

"बाबा, तू होल्ड कर," लेक सगळ्यांदेखत मराठीत म्हणाली.

मी वाकून ती टूथपिक दोन बोटांत धरली. आमच्या शाळेत पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढायचा मान पहिल्या नंबराला असे. माझा नेहमी दुसरा यायचा.