पावसातले उंदीर

मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पागोळ्यांखाली दोन उंदीर ठेवले. खरे नव्हेत. शाडूचे, गणपतीच्या पायाशी बसतात ते. एक माझा, एक तिचा. ज्याच्या उंदराचे कान आधी विरघळतील त्याने चहा करायचा. माझा पाच मिनिटांत बसला. म्हटलं, गुडघे दुखतात, उद्या सकाळी करतो. ती म्हणाली, "उद्या करा, पन पावसात बसून प्यायचा. कपात पानी पडलं तरी तक्रार नाय."

माझं वय पंचाहत्तर, तिचं सत्तर. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

तिला मी वरसेकरीण म्हणायचो. रोह्याजवळच्या वरशाची, भात लावणाऱ्याची पोर. पाऊस आला की तिच्या माहेरी अख्खं घर चिखलात आणि खुशीत. लग्न करून हमरापुरात आली ती आमच्या गणपतीच्या कारखान्यात. आमच्याकडे पाऊस म्हणजे वैरी. मूर्ती सुकत नाही, रंग धरत नाही, आणि गिऱ्हाईक टेम्पो घेऊन दारात उभं. ढग दिसला की मी शिव्या घालायचो. ती म्हणायची, "तुमच्या शिव्यांनी पाऊस परत गेला असता तर माझा बाप जेवला असता काय?"

पहिल्याच वर्षी तिने घोळ घातला. श्रावणातलं ऊन पडलं म्हणून मी साच्यातून काढलेले चाळीस उंदीर फळीवर मांडून अंगणात ठेवले, तिला राखण सांगितली आणि पेणला रंग आणायला गेलो. परत येतो तर ही अंगणाच्या मधोमध, पदर खोचून, तोंड वर, जीभ बाहेर. फळीवर नुसता गाळ. मी ओरडलो. ती गाळाकडे बघून म्हणाली, "बिळात गेले वाटतं."

मला हसू आलं होतं. पण हसलो नाही. उलट आठ दिवस बोललो नाही. मी तसलाच माणूस. दुसरी शिकलेला, अक्कल त्याहून कमी.

असे चाळीस-पंचेचाळीस पावसाळे भांडण्यात घालवले. मग माझा हात कापायला लागला. कापऱ्या हाताने गणपतीचे डोळे आखता येत नाहीत. पोराने ब्रश घेतला. मी पडवीत बसून सवयीने पावसाला शिव्या देत होतो, तर अंगणातून ती म्हणाली, "आता तुमचं काय भिजतं हो? या की."

खरंच, काहीच भिजत नव्हतं. गेलो. पन्हळीखाली डोकं धरलं तर पाणी कानात, बनियनमध्ये, पार चड्डीत. गुदगुल्या झाल्या. म्हातारा माणूस मी, पोरीसारखा किंचाळलो. डबक्यात उडी मारली तर एक चप्पल सुटून वाहत निघाली, आणि आम्ही दोघं खिदळत तिच्यामागे गटारापर्यंत. सूनबाई दारातून ओरडतेय, ऐकतो कोण. त्याच दिवशी तिने उंदरांची पैज काढली.

सहा पावसाळे खेळलो. मी एकदाही जिंकलो नाही. जन्म मातीत गेला माझा, आणि माझाच उंदीर आधी बसायचा. कारण विचारलं तर म्हणायची, "तुमचा उंदीर तुमच्यासारखा. थोडं भिजला की रुसतो."

त्या शेवटच्या रात्री झोपली ती पहाटे उठली नाही.

सकाळी पाऊस चालूच होता. वरशाची माणसं यायची होती, म्हणून तिला न्यायचं थांबलं होतं. पडवीत गाव जमलेलं. मला आत बसवेना, अंगणात गेलो. तिचा उंदीर रात्रभर भिजून अर्धा झाला होता, आणि त्याच्या पाठीतून काथ्या बाहेर आला होता. नारळाचा काथ्या. माती धरून राहावी म्हणून घालतात तो. सहा वर्षं लबाडी, तीही मूर्तीवाल्याशी, आणि मला पत्ता नाही. हसू फुटलं. आवरेना. लोकांना वाटलं रडतोय, दोघं धरायला आले. त्यांना बाजूला सारून मी स्वयंपाकघरात गेलो, गॅसवर आधण ठेवलं.

सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, आज आपल्याकडं चूल पेटवत नाय."

"मी हरलोय गो," म्हटलं.

तिने काडेपेटी माझ्या हातात दिली.

कप घेऊन पागोळीखाली बसलो, त्या उंदराशेजारी. एक घोट प्यावा, तेवढाच पावसाने परत भरावा. चहा पार पांढरा झाला तरी कप संपेना.

तक्रार केली नाय.